दुसरा कठडा

१० ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पेन धरवत नव्हतं. घाबरू नकोस, आजार नाही. तळहाताला फोड आले आहेत. तुझा भाऊ या वयात व्यायाम करतो आहे!

झालं असं, की डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब बघितला आणि विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "लिफ्टची दुरुस्ती." ते म्हणाले, "मग दिवसभर जिने चढणं होतच असेल." मी म्हटलं, "नाही हो. लिफ्ट दुरुस्त झाली की तिच्यातूनच वर जातो." तुझी भावजय शेजारी बसली होती, ती इतकी हसली की डॉक्टरांना गोळ्यांची नावं परत सांगावी लागली.

त्याच आठवड्यात एका क्लबाची सामान चढवायची लिफ्ट बंद पडली. क्लब नावा वल्हवणाऱ्यांचा आहे. तळमजल्यावर व्यायामाची खोली, तिथे ओळीनं वल्हवायची मशीनं. लोखंडी रुळावर घसरणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे, हातात दांडा, दांड्याला साखळी आणि साखळीच्या टोकाला जाळीत फिरणारा पंखा. मी हातातलं काम सोडून बघत उभा राहिलो. तिथे शिकवणाऱ्या एक बाई आहेत, सत्तरीच्या, सगळे त्यांना आत्या म्हणतात. त्या मला म्हणाल्या, "अहो लिफ्टवाले, बघून घाम येत नसतो. बसा."

बसलो. पहिल्या दिवशी हातांनी ओढत राहिलो आणि जीव घशाशी आला. आत्या म्हणाल्या, "हात नुसते धरायला आहेत. जोर पायांचा." मला हे खरंच वाटेना. वल्हं हातात असतं, ढकलायचं पायांनी! पण तसंच आहे. आता थोडं जमतं. दांडा ओढला की पंखा मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज करतो आणि मी पुढे सरकेपर्यंत तो सोडतो. काही वेळानं माझा श्वास कुठला आणि त्याचा कुठला ते कळेनासं होतं. अशा वेळी ओठांवर आपोआप नाम येतं. देवघरात बसून मन इतकं जागेवर राहत नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

नावा मागच्या शेडमध्ये असतात आणि शेडच्या मागे नदी. मी तिकडे फिरकत नाही. शपथ लक्षात आहे.

धाकटा


२१ ऑगस्ट

धाकट्या,
अनेक आशीर्वाद. तुझ्या फोडांना आणि तुझ्या बायकोलाही.

पत्र दोनदा वाचलं. फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" एवढंच बोलतोस, आणि आवाज लिफ्टच्या खड्ड्यातून आल्यासारखा. पत्रात कसा माणसासारखा बोललास.

तुझं मशीन मला आवडलं. पायांनी चालवायचं, आवाज करायचा आणि जागचं हलायचं नाही, हे तर माझ्या शिलाई मशीनसारखंच झालं. मी तीस वर्षं तेच करते आहे, मला कोणी शाबासकी दिली नाही! माझ्या मशीनमधून निदान शाळेचे गणवेश तरी बाहेर पडतात. तुझ्यातून काय बाहेर पडतं? घाम. असो. रक्तदाब उतरत असेल तर खुशाल कर. यंत्रावरची नाव बरी, ती बुडत नाही.

शपथ लक्षात आहे असं तू स्वतःहून लिहिलंस, म्हणून बरं वाटलं. आईच्या फोटोवर हात ठेवून तू बोलला होतास, नदीत उतरणार नाही आणि नावेत बसणार नाही. घरातून एक गेला तेवढा पुरे झाला. मधल्याबद्दल मी बोलत नाही, हे तुला माहीत आहे, तेव्हा आजही बोलणार नाही.

बाजारात जायला मी अजून गिरणीकडून वळसा घालते. परवा शेजारीण म्हणाली, पुलावरून गेलीस तर निम्म्या वेळात पोचशील. मी म्हटलं, मला चालायला आवडतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ठोकून दिलं. तुझा डॉक्टर उपयोगी पडला.

तुझी ताई


४ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

मध्ये बरेच दिवस गेले. कामं फार होती. रक्तदाब उतरला, पोटाचा घेर उतरला, पँटी कमरेत ढिल्या झाल्या. आत्या म्हणतात की मशीनवर माझा जोर क्लबातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त आहे. चार मजले उंचीच्या दोरांशी इतकी वर्षं झटापट केली, ती अशी कामाला आली.

एक काम सांगायचं आहे. आमच्यातल्या पाच जणांना सारखे शर्ट हवे आहेत. मी म्हटलं, दुसरीकडे कशाला, माझी ताई शिवते. मापं सोबतच्या चिठ्ठीत आहेत. त्यातले एक दंतवैद्य आहेत, एक बेकरीवाला, एक टपाल कचेरीतल्या बाई आणि एक बालवाडीच्या बाई. त्यांना आम्ही चिमणी म्हणतो, कारण चण तेवढीच आहे. पाचवं माप माझं. मुंढा सैल ठेव, हात पुढे पूर्ण जायला हवेत. मागचा भाग पुढच्यापेक्षा चार बोटं लांब. चिमणीला मात्र मुंढा सैल नको, नेहमीसारखाच चालेल. कापड लवकर वाळणारं आणि रंग लांबून उठून दिसेल असा. गडद निळा आणि खांद्यावर नारिंगी पट्टी, असं सगळ्यांचं ठरलं आहे.

मार्चच्या आधी मिळाले तर बरं.

इकडे सकाळी धुकं असतं. सूर्य वर आला की ते एकदम न जाता पाण्यावरून एकेक पदर सोडत जातं. बघत राहावंसं वाटतं.

धाकटा


१२ डिसेंबर

धाकट्या,

कापड आणलं. निळं बेतलं, नारिंगी पट्ट्या कापल्या, आणि कात्री खाली ठेवली.

मला शिवणकाम येतं. माप नुसतं वाचलं तरी अंगात शर्ट घालून माणूस काय करणार आहे ते मला दिसतं. चौघांचे हात पुढे जाणार, चौघं कमरेत वाकणार, म्हणून मागे चार बोटं जास्त. इथपर्यंत तुझं मशीन म्हणून सोडून दिलं. पण पाचवीचा मुंढा नेहमीसारखा. म्हणजे चौघं ओढणार आणि पाचवी नुसती बसून राहणार. व्यायामाच्या खोलीत नुसतं बसायला कोणी नवा शर्ट शिवून घेतं का? आणि तिथे लांबून कोणाला दिसायचं असतं? भिंतीला? लवकर वाळायला हवा तो कशानं भिजणार आहे?

आणि तुझं ते धुकं. पाण्यावरून पदर सोडतं ते तुला कुठून दिसलं रे?

वहीच्या पानावर एका ओळीत उत्तर लिही. नावेत बसलास की नाही? गोड बोलू नकोस. गोड बोलायला लागलास की तू लहानपणापासून काहीतरी लपवतोस.

शर्ट तसेच पडले आहेत.

ताई


१८ डिसेंबर

ती. ताईस,

एका ओळीत: बसलो. ऑक्टोबरपासून बसतो आहे.

आता बाकीचं. शपथ विचार करून मोडली असं म्हणवत नाही, पण नकळत मोडली असंही म्हणणार नाही. आत्यांचा नियम असा, की क्लबात आलेल्या प्रत्येकाला पोहता यायलाच हवं, मग तो नावेत बसो न बसो. म्हणून तलावात पोहायला शिकलो. आजूबाजूला सगळी कंबरेएवढी पोरं. एकीनं मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला पण आईनं जबरदस्ती पाठवलं का?" तलाव म्हणजे नदी नव्हे, अशी मनाची समजूत घातली. मग एका सकाळी चौघांच्या नावेतला एक जण आला नाही. दंतवैद्य म्हणाले, "नुसते बसा हो, तोल राहील." मी आईचा फोटो आठवला, तुला आठवलं आणि तरीही बसलो. का, ते लिहिता येईल तेवढं लिहितो. मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

नाव इतकी अरुंद, की बसल्यावर दोन्हीकडे मांडीला काठ लागतो. आपण प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो. पुढे काय आहे ते चौघांपैकी कोणालाच दिसत नाही. ते फक्त चिमणीला दिसतं. ती आमच्याकडे तोंड करून सुकाणूची दोरी धरून बसते आणि बोलते. बालवाडीतल्या पोरांना बोलते तेच आम्हाला: "बेकरी, झोपू नका! लिफ्टवाले, घाई कोणाला आहे?" आपल्याला दिसतं ते मागे पडलेलं पाणी आणि पुढच्या माणसाची पाठ.

मी मशीनवरचा बहाद्दर. पहिल्याच दिवशी सगळा जोर लावला. नाव एका अंगाला कलली, वल्हं पाण्यात अडकलं आणि दांडा पोटात असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. चिमणी म्हणाली, "तुमचा जोर घरी ठेवून या. इथे चौघांचा मिळून लागतो." ताई, मी आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा जास्त ओढणं यालाच काम समजत आलो. इथे एकानं जास्त ओढलं की सगळे हळू होतात.

असे बरेच दिवस गेले. नाव धडपडत चालायची, पाणी अंगावर उडायचं. मग एका सकाळी धुक्यात, कसं कोण जाणे, चारही वल्ही एकदम पाण्यात गेली आणि एकदम बाहेर आली. बाहेर आल्यावर पुन्हा आत जाईपर्यंत मध्ये एक निवांत वेळ असतो. त्या वेळात आम्ही कोणी काहीच करत नव्हतो. आणि नाव जात होती. माझ्या बैठकीखालून, लाकडाच्या पलीकडून, बुडबुड्यांचा आवाज निघाला, बारीक, एकसारखा, जणू नावेच्या खाली कोणी हसतंय. चिमणी बोलायची थांबली. मी हात जोडले नाहीत, कारण हातात वल्हं होतं. पण इतक्या वर्षांत मी इतका मनापासून नमस्कार केलेला नाही.

किनाऱ्याला आल्यावर बेकरीवाला तोंड धुण्याच्या निमित्तानं लांब गेला. त्याचे डोळे लाल होते. दंतवैद्य म्हणाले, "आज कोणी कोणाशी बोलू नका, नाहीतर निघून जाईल."

आता आणखी एक गोष्ट, तीही मी लपवली होती. मार्चमध्ये नदीवर मोठी शर्यत आहे. नावा एकामागून एक सुटतात आणि लांबवर जातात. सुरुवात वरच्या बंधाऱ्यापासून आहे, शेवट इकडे शहरात. म्हणजे वाट आपल्या गावावरून. आपल्या पुलाखालून.

त्या पुलाशी तुझं काय आहे ते मला माहीत नाही. मी चार वर्षांचा होतो. मधला नदीत गेला, एवढंच मला माहीत आहे. कसा, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आज विचारतो. आणि सगळं सांगून तू "नको" असा एक शब्द लिहिलास, तर मी नावेतून उतरेन. हे गोड बोलणं नाही.

धाकटा


२५ जानेवारी

धाकट्या,

महिना लागला. कितीतरी वेळा बसले आणि उठले.

त्या दिवशी वरून पाणी सोडलं होतं. सुताराच्या दारात एक जुनं दार पडलं होतं, मधल्यानं ते नदीपर्यंत ओढत नेलं. तो अकरा वर्षांचा, मी चौदाची. पोहायला गावात त्याच्यासारखा कोणी नव्हता, म्हणून तू पोहायला शिकलास हे वाचून मला काही धीर आला नाही. मी पुलावर होते. तो दारावर पालथा पडून, हातांनी पाणी मारत येत होता आणि ओरडत होता, "ताई, बघ! ताई, दुसऱ्या कठड्याशी ये, मी खालून निघतो!" हसत होता. मी पण हसत होते. तो पुलाखाली शिरला, त्याचा आवाज तिथेच थांबला, आणि मी रस्ता ओलांडून दुसऱ्या कठड्याला धावले. वाकून बघायला लागले.

दार बाहेर आलं.

मी कठड्याला धरून तशीच उभी राहिले. मला वाटलं, गंमत करतोय, खांबाला धरून थांबलाय. लोक येईपर्यंत मी त्याला नुसत्या हाका मारत होते, "बास झालं, ये आता." आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मग तू होतास.

त्यानंतर मी त्या पुलावर पाय ठेवलेला नाही. लोकांना वाटतं मला चालायला आवडतं.

तुझं पत्र चांगलं आहे. तुला नावेत काय दिसलं ते मला थोडं कळलं, अगदीच कळलं नाही असं नाही. पण तू विचारलंस म्हणून लिहिते. नको. त्या पुलाखालून नको.

ताई


१ फेब्रुवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. त्याच संध्याकाळी क्लबात जाऊन सांगितलं, की मी उतरतो.

कोणी मला बोल लावला नाही. बेकरीवाल्यानं पिशवीतला गरम पाव काढून हातात दिला आणि "खा" म्हणाला, जणू मी आजारी आहे. दंतवैद्य म्हणाले, "तुमच्या ताईंची दाढ दुखत असती तर मी काढून दिली असती. हे माझ्या हातातलं नाही." टपालवाल्या बाई मुळात बोलत नाहीत. त्यांनी माझं वल्हं पुसून जागेवर ठेवलं. चिमणीनं विचारलं, "लिफ्टवाले, दुसरा माणूस शोधू?" आत्या तिला म्हणाल्या, "अजून वेळ आहे. मशीनवर असू दे त्यांना." आणि मला म्हणाल्या, "शब्द तुमचा, बहीण तुमची. मी मध्ये पडणार नाही."

मी पुन्हा मशीनवर आहे. पंखा फिरतो, श्वास लागतो, नाम येतं. खालून बुडबुडे येत नाहीत. तक्रार नाही, तू म्हणालीस तेव्हाच ते मिटलं. बुडबुड्यांचा आवाज एकदा कानावर पडला, तेवढं माझ्या नशिबात होतं असं समजतो.

पण तुझ्या पत्रामुळे एक गोष्ट वर आली, ती तुला विचारायला हवी. माझ्या लहानपणाची सगळ्यात जुनी आठवण अशी आहे: मला कोणीतरी खांद्यावर बसवलंय, माझ्यासमोर दगडी कठडा आहे, आणि खूप खाली सगळं चमकतंय. इतकं चमकतंय की मी डोळे मिटतो, तर मला धरणारा म्हणतो, "मिटू नको, बघ." मी आजवर समजत होतो की ते बाबा असणार. पण मला आठवतं, मी पाय हलवले की तो धडपडायचा आणि हसायचा. बाबा कसे धडपडतील? मला वाटतं तो मधला होता.

त्या आठवणीत भीती नाही, ताई. मी कितीदा शोधली. फक्त चमक आहे.

तो मधलाच होता का, एवढं कळव.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल पाठवते आहे. शर्ट आहेत, पाच. धुऊन, इस्त्री करून. मापाला घालून बघायला सांग सगळ्यांना. चिमणीला खांद्यात जास्त झालं तर आतून एक टीप घालून घे.

बाकी काही नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

पार्सल काल क्लबात उघडलं. मी एकेक शर्ट काढत गेलो. चौथा काढला आणि खाली अजून एक होता. तो माझ्या मापाचा. मी तो धरून खाली बसलो. बेकरीवाला म्हणाला, "आता रडताय की घालताय?"

पाचवा शर्ट म्हणजे काय ते मी माझ्या परीनं समजलो आहे. चुकीचं समजलो असेन तर शर्यतीच्या आधी कळव. टपाल वेळेवर पोचेल, आमच्यात त्या खात्याच्या बाई आहेत, त्या स्वतः लक्ष ठेवणार आहेत.

एक मात्र कळलं नाही. माझ्याच शर्टाला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पिवळ्या कापडाचं वीतभर ठिगळ आहे. बाकी चौघांचे अगदी कोरे. दंतवैद्य म्हणाले, "ताईंनी राग काढला. फाटका तागा भावाला." कापड तिथे फाटलं होतं का? की शपथ मोडणाऱ्याला नवं कोरं मिळत नाही? तसं असेल तर योग्यच आहे, मी तसाच घालेन. चिमणी म्हणते, बरं झालं, मला ओळखता येईल कोण चुकतंय ते. आत्यांनी तिला आठवण करून दिली की तुला त्याची पाठ दिसतच नाही.

खरं म्हणजे ती पाठ नावेतल्या कोणाला दिसायची म्हटली, तर माझ्या मागे बसणाऱ्या टपालवाल्या बाईंना. त्या ठिगळाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शिवण फार प्रेमाची आहे." महिन्याभरात त्या एवढंच बोलल्या असतील.

धाकटा


९ मार्च

चिरंजीव धाकट्यास,
खूप खूप आशीर्वाद.

निकाल काय लागला ते तू कळव, मला त्यातलं काही कळलं नाही. मी तुला माझं सांगते.

सकाळी घरातून निघाले ती गिरणीच्या वळणापर्यंत सवयीनं गेले. तिथून परत फिरले. पुलावर बरीच माणसं होती, पोरं कठड्यावर चढून बसली होती. मी पहिलं पाऊल ठेवलं आणि कठडा दोन्ही हातांनी धरला. एका बाईनं विचारलं, "मावशी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "माझा भाऊ येतोय." ती म्हणाली, "कुठल्या गाडीनं?"

वरच्या बाजूच्या कठड्याशी उभी राहिले. पाणी तसंच आहे रे. मी त्याला इतकी वर्षं पाठ दाखवली, त्याला काही फरक पडलेला नाही. तसंच चमकतं.

नावा यायला लागल्या. एक गेली, दोन गेल्या, मी मोजल्या नाहीत. मग निळे शर्ट, नारिंगी खांदे. समोरून येताना आधी दिसतात त्या पाठी, तू लिहिलं होतंस ना, उलटे बसता म्हणून. मी ते पत्र वाचलं तेव्हाच डोक्यात आलं होतं, की वरून बघणाऱ्याला चारही पाठी सारख्या दिसणार. मला कळायला नको का, त्यातली माझी कोणती? म्हणून ते ठिगळ. म्हणे फाटका तागा! चांगल्या कोऱ्या कापडावर मी स्वतः हातानं टाके घातलेत. तुझ्या दंतवैद्यांना सांग, राग काढायचा असता तर मी बाह्या शिवल्या नसत्या.

पिवळं दिसलं आणि मी दुसरं काही बघितलं नाही. काय चालली होती तुमची नाव! मला वाटलं होतं धडपड असेल, आरडाओरडा असेल. चार वल्ही पाण्याबाहेर यायची, थांबायची, आणि नाव आपली आपण पुढे. तू लिहिलं होतंस ते असं, हे मला तेव्हा दिसलं. शेजारची पोरं कलकल करत होती, ती पण कठड्यावरून वाकून बघायला लागली. एक म्हणालं, "हे लोक ओढतायत की नुसते बसलेत?"

मग नाव पुलाखाली शिरली.

मी तिथे थांबू शकले असते. पण वळले आणि धावले. मधोमध एक टेम्पो आला, त्यानं कचकन ब्रेक मारला. ड्रायव्हर ओरडला, "म्हातारे, मरायचंय का?" मी म्हटलं, "नाही!" आणि दुसऱ्या कठड्याला जाऊन वाकले.

त्याच वेळी पायाखालून आवाज आला. तुमच्या त्या चिमणीचा. दगडातून घुमत वर आला, "सोडू नका! एकत्र! आणि... हा!" धाकट्या, मधला खाली गेला तेव्हा त्याचा आवाज थांबला होता. हा थांबला नाही. मी कठड्यावर कान ठेवला तर दगडसुद्धा बोलत होता.

मग नावेचं निमुळतं टोक आलं. मग टपालवाल्या बाई असाव्यात, घामानं भिजलेल्या. मग तुझं डोकं. तू बराच टकला झाला आहेस, वरून कळतं. आणि मग तुझा चेहरा. मी विसरले होते की तुझं तोंड माझ्याकडे असणार.

तू बघितलंस. नाही म्हणू नकोस, तू मान वर केलीस आणि चिमणी ओरडली, "लिफ्टवाले, नजर नावेत!" तू हात हलवला नाहीस, तो हलवायचा नसतो हे मला तुझ्या पत्रावरून ठाऊक होतं. मी दोन्ही हात हलवले, तुझ्या वाटचा पण. आणि मग मी नुसती बघत उभी राहिले. माझ्याजवळून जाणारा प्रत्येक माणूस पाठ करून गेला, बाबा, आई, शिकायला निघालास तेव्हा तू. या नावेत बसलेला माणूस जाताना आपल्याकडे तोंड करून जातो. वळणापर्यंत मला तुझा चेहरा दिसत होता. लहान होत गेला, पण दिसत होता.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहिलंच. होय, तो मधलाच होता. तुला खांद्यावर घेऊन रोज पुलावर जायचा आणि मी त्याला रागवायची, पोराला पाडशील म्हणून. एकदाही पाडलं नाही त्यानं.

शर्ट गार पाण्यात धू, पिवळ्याचा रंग निळ्याला लागायला नको.

सगळ्या नावा गेल्यावर बाजारात जाऊन दोरा घेतला. येताना पुलावरूनच आले. खरंच निम्मा वेळ लागतो.

तुझी ताई